पाण्याविषयीचा प्रश्न

रबरी पोटातून बाहेर आलेली ती वायर — करंगळीएवढी जाड, पांढरी, टेबलाच्या कडेवरून लोंबकळणारी — तो मघापासून एकटक न्याहाळत होता. नमुन्यादाखल ठेवलेल्या त्या पोटाला ना बेंबी होती, ना भय. आपल्याही पोटातून अशीच एक वायर निघेल, तिच्या टोकाला कमरेवरची बॅटरी, आणि आत थकल्या हृदयाला हात देणारा पंप... समोरच्या समुपदेशक बाईंनी लायक ठरवले तर! लायक. खोल पाण्यात सोडायला कोणते पोर लायक, हे तरणतलावाच्या काठावर शिट्टी घेऊन ठरवण्यात माझा उभा जन्म गेला; आणि आज माझीच परीक्षा.

बाई फॉर्म भरत एकेक विचारत होत्या. दारू? नाही. झोप? बसूनच. बॅटरी कोण बदलणार?

"मी," बायको म्हणाली. "कालच शिकलेय. यांच्यापेक्षा ती बॅटरी बरी. संपत आली की वाजून सांगते तरी."

बाई हसल्या. मग पेन बाजूला ठेवून म्हणाल्या, "बॅटरीत पाणी गेलं तर पंप थांबतो. वायरमुळे पुन्हा कधीच पोहता येणार नाही. जमेल?"

"अहो, हो म्हणा," बायको कुजबुजली.

हो — केवढा सोपा शब्द! पण 'मी नाही घाबरत' म्हणणारी पोरेच आधी गटांगळ्या खातात, हे त्याने किती वेळा पाहिले होते. ओठ निळे पडलेले, तरी मान ताठ... रडत काठ धरून बसणाऱ्यांना मात्र शिकवता येई.

"उतरणार नाही. पण उतरावंसं वाटेल, रोज वाटेल. वाटणार नाही, असं मी लिहून देणार नाही."

"अहो!"

बाईंचा आवाज खाली आला. "आणि एखाद्या दिवशी जगणंच नको झालं, तर? मग जाल पाण्यात?"

म्हणजे हे विचारायचे होते तर... त्याचे कान तापले. ज्या पाण्याने त्याला अन्न दिले, ज्यात त्याने परक्यांची लेकरे तळहातावर तोलली, त्या पाण्यावर हा आळ?

"पाणी मरायला नसतं, मॅडम. एवढ्यावरून नापास करायचं असेल तर खुशाल करा."

बायको मान खाली घालून पर्सची चेन उघडत-मिटत राहिली. बाई एवढेच म्हणाल्या, "मी फक्त अहवाल देते. निर्णय रुग्णालयाची समिती घेईल."

त्याची छाती भात्यासारखी चालत होती. सकाळपासून तो मनातल्या मनात कुणाच्या तरी दारात हात पसरून उभा होता. तो हात नकळत मिटला होता. नकाराचे भय गेले नव्हते — ते तिथेच, बरगड्यांखाली, गार... पण त्या भयाशेजारी दुसरेही काही आता ताठ उभे होते, आणि एवढी धाप लागलेली असतानाही त्याला हसू येत होते.