ओढ्याच्या अलीकडं

"ओढ की मेल्या, ओढ! पोतं पाण्यात बसलं तर कणसं कुजतील!"

मी पलीकडून ओरडत होते आणि माझा धाकटा भाऊ अलीकडच्या काठावर टाचा रोवून दोरी ओढत होता. मधे ओढा. आणि काठावर आमचं गाव, उकिडवं बसलेलं. कामाला बोलावलं की यांच्या कमरा धरतात, पण फुकटची मजा बघायला दहाच्या ठोक्याला हजर.

"अक्का, भावाला सांगा की दोन पावलं पलीकडं जायला," न्हावी म्हणाला. "कोण बघतंय?"

"तूच बघतोयस, मुडद्या," मी म्हटलं.

सगळे फिदीफिदी हसले. धाकटा मान खाली घालून दोरी गुंडाळत राहिला. चार वर्षं आत काढल्यापासून तो असाच, कुणी काही बोललं की हातातलं काम आणखी नीट करतो.

बाजारात मारामारी झाली, त्यात त्यानं एकाचं डोकं फोडलं. फोडलं ते फोडलं, मी त्याची बाजू घेत नाही. सात वर्षांची शिक्षा झाली. चार भोगली आणि वागणूक बघून पॅरोलवर सोडला. मला आधी वाटलं, सुटला. पॅरोलवाल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी बाईंनी मला समोर बसवून समजावलं, "अक्का, सुटला नाही. लांब दाव्यावर चरायला सोडलाय म्हणा." दर सोमवारी बाराच्या आत सही. दारू नाही, भांडण नाही. गावाची हद्द सोडायची नाही, आणि कागदावर हद्द लिहिली होती ओढा. एक जरी अट मोडली आणि तक्रार आली, तर त्याच दिवशी उचलायचा. मग पॅरोलच्या मंडळापुढं सुनावणी. मंडळ म्हणालं मोडली, तर उरलेली तीन वर्षं आत, आणि बाहेर काढलेले दिवस हिशेबात धरायचे नाहीत. त्याच्यासाठी हमीची सही माझी.

तरी सगळं सुरळीत चाललं होतं. पण गेल्या पावसाळ्यात ओढ्याला पूर आला आणि त्यानं वाट बदलली, ती सरळ आमच्या शेतातून. वरचा तुकडा अलीकडं राहिला, खालचा मक्याचा तुकडा पलीकडं गेला. मका आमचा, घाम आमचा, आणि धाकट्याला तिथं पाय ठेवायची बंदी! मी बाईंकडं गेले. त्यांनी अर्ज लिहून घेतला. म्हणाल्या, "मंडळाचं उत्तर येईपर्यंत हद्द ओढाच. त्याला ओढ्यात पायसुद्धा ठेवू देऊ नका."

पलीकडं आमच्या तुकड्याला लागून गोडबोल्याचं शेत. त्याच्या तोंडात साखर आणि पोटात काय ते मला विचारा. मका पिकला तसा हात जोडत आला. "अक्का, या वयात कशाला हाल करून घेता? मी काढतो. अर्धा तुमचा, अर्धा माझा. शेजारधर्म आहे."

"तुझा शेजारधर्म तुझ्यापाशी ठेव," मी म्हटलं.

झालं! दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडं कामाला यायला एक माणूस मिळेना. कुणाची म्हातारी आजारी, कुणाला पाहुणे. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. गावातल्या निम्म्या शेतांना पाणी गोडबोल्याच्या विहिरीचं. मग आम्ही ही दोरीची युक्ती काढली. मी पलीकडं कणसं मोडून पोतं भरायचं, दोरी बांधायची, धाकट्यानं अलीकडून ओढायचं. साठीच्या बाईनं एकटीनं मका मोडायचा म्हणजे खायचं काम नाही. पानांनी हात कापून निघाले. पण दोन दिवसांत चौदा पोती ओढली.

तिसऱ्या दिवशी पोतं मधल्या दगडाला अडकलं. मी सोडवायला पाण्यात उतरले. पायाखालचा गोटा सरकला आणि मी आडवी झाले. भरलेलं पोतं माझ्या अंगावर आलं. पाणी फार नव्हतं, छातीएवढंच. पण पोत्याखाली माणूस दबला तर छातीएवढं पाणीही जीव घेतं. नाकातोंडात गढूळ पाणी गेलं. एकदा डोकं वर आलं तेव्हा मला काठ दिसला. सगळे उभे राहिले होते. उतरला एकही नाही.

मग कुणीतरी माझा शेपटा धरून खेचलं. धाकटा! पाण्याची ओढ पलीकडं होती, म्हणून त्यानं मला पलीकडच्याच काठावर नेऊन टाकलं. माझा पाय गुडघ्याखाली मोडला होता. तो माझी पाठ चोळत होता आणि रडत होता. "अक्का, बोल ना गं काहीतरी."

मी म्हटलं, "आधी अलीकडं जा."

उशीर झाला होता. गोडबोल्यानं आपल्या बांधावरूनच बाईंना फोन लावला होता.

दुपारी देखरेखीच्या बाई आल्या, सोबत दोन शिपाई. दवाखान्यात माझ्या पायाला प्लास्टर घातलं होतं, मला तशीच खाटेवर घालून गावच्या ऑफिसात आणलं. अकरा जण साक्षीला उभे. एरवी कुणाच्या जन्ममृत्यूच्या कागदावर सही मागितली तर हे लोक आठ-आठ दिवस तोंड दाखवत नाहीत.

"हा ओढ्यापलीकडं गेला, हे कुणी बघितलं?" बाईंनी विचारलं.

"आम्ही सगळ्यांनी!"

"किती लांबून?"

"अगदी समोरून, बाई," न्हावी म्हणाला. "दहा हातांवर होतो. स्वच्छ दिसलं."

"आणि या अक्का तेव्हा कुठं होत्या?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. गिरणीवाला खाकरला. "त्यांच्याकडं आमचं लक्ष नव्हतं."

मला शिसारी आली. अरे, माझं बाळंतपण याच्या आईनं केलं, याच्या आईला शेवटचं पाणी मी पाजलं, आणि याचं माझ्याकडं लक्ष नव्हतं! बाईंनी कागद पुढं ओढला. जो जे बोलला ते तसंच्या तसं लिहिलं, दहा हातांवर, स्वच्छ दिसलं, लक्ष नव्हतं, आणि खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पुढं व्हायला रेटारेटी झाली.

धाकट्याला त्याच दिवशी नेला. जाताना माझ्या पायाकडं बघून म्हणाला, "अक्का, प्लास्टर ओलं करू नकोस."

एकवीस दिवस तो आत आणि मी खाटेवर. एकविसाव्या दिवशी सुनावणी. मला जाता आलं नाही, बाईंनीच येऊन सांगितलं. मंडळानं दवाखान्याची चिठ्ठी बघितली आणि साक्षींचा तो कागद दोनदा वाचून घेतला. दहा हातांवर अकरा धडधाकट माणसं उभी, बाई बुडते, आणि जो उतरला तेवढाच आरोपी! ताकीद देऊन सोडला. आता सही आठवड्यातून दोनदा. हद्द मात्र अजून तीच. अर्जाचं उत्तर यायचं आहे.

तो आला तशी मी काठी टेकत त्याच्याबरोबर ओढ्यावर गेले. पलीकडं मक्याचं एक ताट उभं नव्हतं. नुसती खुंटं. मी खाटेवर असताना अकराच्या अकरा जणांनी दोन दिवसांत सगळा मका काढला होता. मदत म्हणून! कणसं गोडबोल्याच्या खळ्यावर गेली. आम्ही बोलावलं तेव्हा यांच्या म्हाताऱ्या आजारी होत्या.

धाकटा काठावर उभा राहिला. मुठी वळल्या, मग सुटल्या. मी त्याचा दंड घट्ट धरला. एक शिवी, एक धक्का, की तीन वर्षं.

तेवढ्यात पलीकडून गोडबोल्या आला, डोक्यावर कडब्याची एक पेंढी. "आलास का, भावा! बरं झालं. तुमच्या म्हशीसाठी वैरण काढून ठेवली बघ. शेजारधर्म." आणि धोतर सावरत पाण्यात उतरला.

"थांब तिथंच," मी म्हटलं.

तो मधोमध थांबला.

"याला पलीकडं यायची बंदी सरकारनं घातली. तुला अलीकडं यायची मी घालते. माझ्यावर कसली अट नाही आणि माझ्या हातात काठी आहे. ये बघू."

तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. त्याच्या पायाखालचा गोटा हलला, पेंढी पाण्यात पडली आणि वाहत गेली. त्यानं हात पुढं केला.

"धाकट्या, हात दे रे," गोडबोल्या म्हणाला.

"मला ओढ्यात उतरायची बंदी आहे," धाकटा शांतपणे म्हणाला.

आम्ही दोघं काठावर उकिडवे बसलो आणि तो चाचपडत मागं जाईपर्यंत बघत राहिलो.