दुसऱ्या पंपाचा भार

आमच्या बिल्डिंगचा अकरा वर्षं मी सेक्रेटरी आहे, आणि नकार द्यायला मी कुणाच्या बापाला भीत नाही. पार्किंगमध्ये गाड्यांसाठी चार्जिंगची सोय करा, असा अर्ज आला, तोही फेटाळला. मंजूर वीज एवढी, लिफ्ट, पंप आणि दिव्यांचा भार तेवढा, मग उरतं काय? कपाळ! अर्ज माझ्याच सुनेचा होता, म्हणून तर जास्तच कडक झालो. उद्या लोक म्हणायचे, घरच्यांची सोय केली.

सून फिजिओथेरपिस्ट. पेशंटच्या घरोघरी जाऊन व्यायाम करून घेते. विजेवरची गाडी घेतल्यापासून तिची नुसती ससेहोलपट चालली होती. दिवसभर काम करून वर संध्याकाळी दीड तास चार्जिंग स्टेशनच्या रांगेत. नात आईची वाट बघून पेंगायला लागायची. शेवटी मुलाने जेवताना सांगितलं, चार्जिंग असलेल्या बिल्डिंगमध्ये एक घर पाहिलंय, महिनाअखेरीस तिकडे जाऊ म्हणतोय. मी बरं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावलं आणि माझी भाराची यादी त्याच्यापुढे टाकली. कुठे काटछाट होते का बघ म्हटलं. यादी वाचून तो पंपघरात डोकावून आला.

"काका, हे दोन्ही पंप एका वेळी कधी चालवलेत?"

कधीच नाही. एक चालतो तेव्हा दुसरा बंद. पडून पडून जाम होऊ नयेत म्हणून दर रविवारी मीच तर त्यांची पाळी बदलतो. दोघांची निगा राखता राखता मी शहाण्याने यादीत दोघांचाही भार धरून ठेवला होता. तेवढ्या विजेत दोन चार्जिंग पॉइंट आरामात बसत होते.

सभा बोलावली. गुपचूप मंजुरी देऊन मोकळं होता आलं असतं, पण मनाला पटेना. उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर चूक सांगितली. तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, सेक्रेटरी चुकलेले पहिल्यांदाच पाहिले, कुणीतरी फोटो काढून ठेवा. लोक पोट धरून हसले आणि मग हात वर झाले. दोघातिघांनी तर लगेच नंबरही लावले.

जिन्यात सुनेने मला गाठलं. "बाबा, सगळ्यांपुढे सांगायला जड गेलं असेल ना?"

"गेलं," मी म्हणालो. "पण तुम्ही निघून गेला असतात, तर मला घर खायला उठलं असतं."

तिथेच उभं राहून तिने नवऱ्याला फोन लावला.

"अरे, त्या नव्या घराच्या मालकांना कळवून टाक," ती म्हणाली, "आम्ही येत नाही म्हणून."