बेनितो अर्रिएताची बढती

ओकव्हिलच्या लेकसाइड रोव्हर्स या फुटबॉल क्लबात कादंबरी देवस्थळी रुजू झाली आणि पहिल्याच दिवशी तिला सांगण्यात आलं, सहायक प्रशिक्षकांची माहिती वेबसाइटसाठी जरा चटकदार करून लिही. मुळात ती नागपूरची इंजिनिअर. सामन्यांचे व्हिडिओ तपासून कोण कुठे चुकला ते दाखवायला तिला घेतलं होतं. पण क्लबात पदं भरपूर आणि माणसं मोजकी, त्यामुळे ज्याला लिहिता येतं त्याच्या गळ्यात ते काम पडे.

सहायक प्रशिक्षक म्हणजे बेनितो अर्रिएता, मूळचा स्पेनचा. चौदा वर्षं डावा बचावपटू म्हणून खेळला, तीही बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत. सर्वोच्च श्रेणीत एकच सामना, त्याचीही शेवटची चार मिनिटं.

"त्या चार मिनिटांत काय केलंत?" तिने विचारलं.

"एक थ्रो-इन घेतला," दोन्ही हातांनी चेंडू आत फेकल्याची खूण करत तो म्हणाला. "चांगला होता."

वेबसाइटवर 'स्पेनच्या सर्वोच्च श्रेणीचा अनुभव' असं झळकलं. खोटं त्यात काहीच नव्हतं.

खेळणं थांबल्यावर तो सहायक झाला आणि एकोणीस वर्षं सहायकच राहिला. स्पेनमध्ये तीन क्लब, मग सायप्रस, मग ओकव्हिल. मुख्य प्रशिक्षक यायचे, आपलं तत्त्वज्ञान मांडायचे, हरायचे आणि जायचे. कादंबरीच्या तीन वर्षांत ओकव्हिलमध्येच तिघे झाले. तिसऱ्याचं तत्त्वज्ञान तर इतकं खोल होतं की अख्खा संघ त्यात बुडाला.

क्लबाचे अध्यक्ष मिलिंद साठे पुण्याचे. इथे येऊन त्यांनी सॉफ्टवेअर कंपनी काढली, ती विकली, आणि विकल्या दिवसापासून त्यांना फुटबॉल कळू लागला. जूनमध्ये त्यांनी तिसऱ्याला नारळ दिला आणि दुसरा कुणी मिळेपर्यंत बेनितोला उभं केलं. त्याने डावखुऱ्यांना डावीकडे खेळवलं, दमलेल्यांना बसवलं. पाच सामन्यांत चार जिंकले, एक बरोबरीत सुटला.

मिलिंद सरांनी कादंबरीला केबिनमध्ये बोलावलं. "अगं, आपण इंग्लंडहून माणूस आणतोय. एकदम हाय-प्रोफाइल."

"पण सर, बेनितो जिंकतायत."

"तेच तर. म्हणून तर आता तो यायला तयार झाला."

कादंबरी तडक पार्किंगमध्ये गेली. बेनितो गाडीत चेंडूंची पिशवी ठेवत होता.

"तुम्ही ते पद मागा," ती म्हणाली.

"मुख्य प्रशिक्षक वर्षभर टिकत नाही. मी एकोणीस वर्षं टिकलोय."

"आणि कधी वाटलंच नाही तुम्हाला?"

त्याने पिशवीची चेन लावली. "रोज वाटलं."

तेवढं तिला पुरलं. क्लबाला स्थैर्य हवं तर बेनितोच हवा, असं बावीस स्लाइड्सचं प्रेझेंटेशन तिने बनवलं, कारण स्लाइड दिसली की बोर्डातल्या कुणालाच नाही म्हणवत नसे. ठराव झाला. बेनितोच्या गळ्यात क्लबचा मफलर घालून फोटो काढण्यात आला. फोटोत तो एखाद्या नवरदेवासारखा घाबरलेला दिसत होता.

आणि मग संघ हरू लागला. सहायक होता तोवर खेळाडू त्याला सगळं सांगायचे: घरची आठवण, बायकोशी झालेलं भांडण, दुखणारा गुडघा. आता कोण खेळणार हे तोच ठरवणार होता, तेव्हा त्याला दुखणं सांगणार कोण? एकाने मांडीचा ताण लपवला आणि भर सामन्यात स्नायू फाडून घेतला. सहा सामन्यांत पाच पराभव. व्हिडिओ तपासताना कादंबरीला दिसायचं, की अडचणीच्या क्षणी बेनितो मान वळवून मागच्या बाकाकडे पाहतो, जणू तिथून कुणी उठेल आणि निर्णय देईल. तो तुकडा तिने कापून ठेवला, पण कुणाला दाखवला नाही.

ऑक्टोबरात मिलिंद सरांनी पुन्हा बोलावलं. "स्थैर्यावरची स्लाइड तुझीच होती ना गं?" बेनितोला काढलं होतं. इंग्लंडचा माणूस येत होता. "आणि हे बघ, त्याला सहायक हवाय. खेळाडू हल्ली तुझ्याशीच बोलतात म्हणे. तुझं नाव दिलंय मी."

संध्याकाळी ती जवळच्या मिल्टन गावात बेनितोच्या भाड्याच्या बेसमेंटमध्ये गेली. तो पुस्तकं खोक्यात भरत होता.

"हे माझ्यामुळे झालं," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला, आणि तिच्यासाठी कॉफी ठेवली. कप तिच्या हातात देत म्हणाला, "आपल्याला जमलं असतं का, हाच विचार करत आलो इतकी वर्षं. नाही जमत. आता निदान माहीत आहे."

हे तो खरं बोलतोय की तिला बरं वाटावं म्हणून, ते तिला कळलं नाही. तिने नव्या पदाचं सांगितलं तेव्हा तो मनापासून हसला. पुढचा तासभर तो एकेका खेळाडूबद्दल सांगत होता. कुणाला आईची खुशाली विचारायची, हरल्यावर कुणाच्या वाटेला जायचं नाही. तिने फोनवर टिपायला घेतलं, तर म्हणाला, "लिहू नकोस. नाहीतर वाचून बोलशील."

नोव्हेंबरात त्याला हॅलिफॅक्सच्या एका क्लबात काम मिळालं. सहायक म्हणून. कादंबरीनेच त्याला विमानतळावर सोडलं.

"भीती वाटते?" गाडीत त्याने विचारलं.

"खूप."

"नव्या साहेबाला दाखवू नकोस," तो म्हणाला. "खेळाडूंना दिसली तर दिसू दे. म्हणजे ते त्यांचीही सांगतील."

मग दोन बॅगा घेऊन तो आत गेला.