टॉवेलवरची उठावदार अक्षरं

सासूबाईंची दृष्टी गेली तेव्हा सुनेला वाईट वाटलंच. पण आपल्या भरतकामाला नावं ठेवणारं आता कुणी उरलं नाही, असंही मनात येऊन गेलं. सासूबाईंना स्वतःचा टॉवेल चाचपून ओळखता यावा म्हणून तिने कापडावर फोमचा पातळ तुकडा ठेवला, त्यावरून मशीनवर दाट टाके घालून ‘आजी’ ही अक्षरं उठवली आणि कडेचा जादा फोम ओढून काढला.

सासूबाईंनी अक्षरांवरून बोट फिरवलं.

“छान उठलंय गं! पण वेलांटीत फोम राहिलाय. टाकेही तिथे विरळ पडलेत.”

सुनेने टॉवेल उजेडात धरला. तांदळाएवढा तुकडा होता खरा. तो तिने चिमट्याने उपटला. मग आधी असेच भरून, सफाईदार म्हणून बाजूला ठेवलेले दोन टॉवेल तिने डोळे मिटून चाचपले. दोन्हींवरची अक्षरं उसवावी लागली.