परकाराच्या खुणा

गोखिवऱ्याच्या गाळ्यात लेझर मशीनवर पुठ्ठा लावून फेलिशियाने जाळीची फाइल सोडली, आणि मशीनने फक्त चौकट कापली. आतली वेल, पाकळ्या, वळसे, कशाचाच पत्ता नाही.

"झालं का गं?" प्लासिडमामांनी विचारलं.

"चौकट झाली, मामा."

"चौकट मीपण कापली असती. या थरथरत्या हातानं."

प्लासिडमामा म्हणजे तिच्या आईचे चुलतभाऊ, पापडी गावातले जुने सुतार. त्यांच्या आळीतल्या लहानशा प्रार्थनामंदिरात वेदीच्या दोन बाजूंना दोन सारख्या लाकडी जाळ्या होत्या. त्यातली उजवी वाळवीने खाल्ली. नवी कोरायला मामांचा हात आता साथ देईना, म्हणून डावी जाळी नमुन्याला घेऊन ते भाचीकडे आले होते. सोबत सागाची एकच फळी होती, त्याच मंदिराच्या जुन्या तुळईतून निघालेली. तसं लाकूड पुन्हा मिळणार नव्हतं. फळी बिघडली की विषय संपला.

चूक कुठे आहे ते फेलिशियाला लवकरच कळलं. तिने जाळीच्या फोटोवरून हात फिरवावा तसे मोकळे वक्र काढले होते, ज्यांना स्प्लाइन म्हणतात. मशीनच्या सॉफ्टवेअरला मात्र सरळ रेघ आणि वर्तुळाचा कंस एवढंच समजायचं. उरलेलं ते गुपचूप गाळून टाकत होतं.

"जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह कर," गाळ्याचे मालक सदानंदकाका म्हणाले. "आपलं मशीन माझ्यासारखं आहे, नवीन काही पचत नाही."

या खेपेला वेल आली, पण तुकड्यातुकड्यांची. एकेका पाकळीच्या दीडशे-दोनशे बारीक रेघा झाल्या होत्या. मशीन प्रत्येक जोडावर अडखळत, कुरकुरत पुढे सरकलं. पुठ्ठ्याची कड करवतीच्या दातांसारखी निघाली आणि जागोजागी करपली.

"माझ्या फळीला हे असं करणार?" मामांनी फळी उचलून काखेत धरली. "आपण चाललो घरी. ज्यानं ही वेल काढली त्याच्या हातात जादू होती. यंत्राला नाही जमायचं."

"मामा, अर्धा तास द्या. मग खुशाल जा."

ती पुन्हा बसली. मशीनला कंस कळतात ना, मग वेल कंसांतच बसवून पाहू. एका वळणाला एक कंस पुरला नाही, तर दोन जोडायचे. पहिल्या पाकळीच्या कंसाची त्रिज्या आली ३८.२ मिलिमीटर. दुसरीची ३८. तिसरीची ३८.१. वेलीच्या मोठ्या वळणाची ७६.३. तिला वाटलं, आपणच चुकून तोच आकडा पुढे ओढतोय. तिने सगळं पुसलं आणि वेलीच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. पुन्हा ३८.१. पुन्हा ७६.२. चौऱ्याऐंशी कंस झाले आणि आकडे दोनच राहिले.

"मामा, अडतीस पूर्णांक एक म्हणजे..."

"दीड इंच," मामा पटकन म्हणाले. मग थांबले. "आणि दुसरा?"

"बरोबर दुप्पट."

"तीन." मामांनी काखेतली फळी हळूच टेबलावर ठेवली.

तिने सगळ्या कंसांची केंद्रं काढली. बरीचशी जाळीच्या भोकांत पडत होती, लाकूड कापून टाकलेल्या जागी. अकरा मात्र शिल्लक लाकडावर येत होती. मागून पाहायचं म्हणून तिने नकाशा डावा-उजवा उलटवला, त्याचा कागद छापला आणि जाळीच्या बिनपॉलिशच्या पाठीवर जुळवून धरला. अकरा जागी पेन्सिल टेकवली. मामांनी मोबाइलचा टॉर्च तिरका धरला.

पेन्सिलीच्या पहिल्या खुणेला लागूनच सुईच्या टोकाएवढा खड्डा होता. दुसरीलाही. फेलिशियाने नखाने धूळ काढत एकेक शोधला. अकराच्या अकरा होते.

नाव मागे न ठेवता गेलेल्या कुणा सुताराने या अकरा जागी परकाराचं टोक टेकवलं होतं आणि दोनच मापांतून ही सगळी वेल फिरवली होती. ती वेल आपण फोटोवरून अंदाजाने काढत बसलो होतो. फेलिशियाने एका खड्ड्यावर बोट टेकवलं.

"मी लहानपणापासून हिच्यासमोर गुडघे टेकतोय," मामा म्हणाले. "आणि सुतार म्हणवतो स्वतःला."

तिने कंसांची फाइल सोडायला घेतली, तेव्हा मामांनी तिचा हात धरला. "त्या खुणा नव्या जाळीतपण टोच. सगळ्या केंद्रांच्या नकोत, लाकडावरच्या अकराच. पुढच्याला लगेच सापडू देत."

"नुसता बिंदू दिलास तर मशीन गाळून टाकेल," सदानंदकाका म्हणाले.

"मग अर्ध्या मिलिमीटरची वर्तुळं देते."

आधी पुठ्ठा कापून पाहिला. त्याची कड बोटाला गुळगुळीत लागली तेव्हाच मामांनी फळी पुढे केली. मशीनने अकरा ठिपके उमटवले, आणि मग ते निघालं ते कुठेही न अडखळता, एका वळणातून दुसऱ्यात, एका दमात. तापलेल्या जुन्या सागाचा वास गाळाभर पसरला.

मामांनी दोन्ही जाळ्या एकीवर एक ठेवल्या आणि ट्यूबलाइटसमोर धरल्या. हात थरथरत होते, म्हणून एक बाजू फेलिशियाने धरली. प्रत्येक भोकातून उजेड आरपार आला.