सासू मेल्याशिवाय परतावा नाही

“मग मला मार की,” मी सुनेला म्हटलं. डबा भरता भरता तिचा हात थांबला.

झालं होतं असं. सून माझी नर्स. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना कुशीवर वळवायचं, पाठीला जखम होऊ द्यायची नाही, हे तिचं काम. भलाथोरला माणूस ती एकटी नुसत्या चादरीच्या जोरावर वळवते. हीच युक्ती सांगायला तिला परदेशातल्या परिषदेत बोलावलं. तिने पदरचे पैसे भरून नाव नोंदवलं, आणि दोन सरकारांचं बिनसलं. तिकडच्या सरकारने आपल्याकडच्यांना यायलाच बंदी केली. परिषदवाले म्हणाले, परिषद होणारच, तुम्ही येत नाही तो तुमचा प्रश्न. परतावा फक्त घरात कुणी गेलं तरच.

आता घरात जाण्याजोगी मीच. आणि थापांचं मला काय नवीन? मी चपलेने हाकललेला वाघ अख्ख्या गल्लीला पाठ आहे; दरवेळी थोडा मोठा होतो एवढंच.

सून म्हणाली, खोटं कारण द्यायचं नाही. ती कपडे वाळत घालायला गेली, तशी मीच तिच्या फोनवरून त्यांना गाठलं. रडक्या आवाजात सांगितलं, बिचारीची सासू गेली हो. पलीकडची मुलगी मराठीच निघाली, फार हळहळली. कशाने गेल्या, त्रास झाला का, सगळं विचारलं. मीही रंगात आले. शेवटी तिने विचारलं, आपण कोण बोलताय?

“मी सासू,” माझ्या तोंडून गेलं.

सून मागेच उभी. तिने फोन घेतला. मला वाटलं, आता माफी मागणार.

“सासूबाई ठणठणीत आहेत,” ती म्हणाली. “मी यायला तयार होते, रस्ता तुमच्याकडून बंद झालाय. कारण म्हणून तेवढंच लिहा.”

त्या कारणाला नियम नाही, असं उत्तर आलं.

“पैसे ठेवून घेताय, मग खुर्ची माझीच ना? माझं नाव लावा तिच्यावर. कुणालाही बसू देऊ नका.”

फोन ठेवला, डबा उचलला आणि कामावर गेली.

पैसे काही आले नाहीत. परिषदेच्या दिवशी त्या मुलीने एक फोटो मात्र पाठवला. मी येईल त्याला सांगते, सभागृह खच्चून भरलेलं, उभं राहून राहून दोघं चक्कर येऊन पडले.

“आई, कुणी पडलं नव्हतं,” सून आतून म्हणते. “एक म्हातारे डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते, तेवढेच.”

“आणि खुर्ची?” मी विचारते.

“रिकामी होती.”