एका तासात न शिजलेलं गवत

मी इचू. अँडीजच्या उंच माळावरचं राठ, टोचरं गवत. आता कागद झालोय, म्हणून चार वाक्यं सरळ बोलता येतात.

आमच्या वायरापाता गावात माझी छपरं होत, माझे दोर वळले जात. कोवळा असताना लामा मला खात. राठ झालो की तेही तोंड फिरवत. एवढ्या मानावर मी खूश होतो. मग राजधानीहून इंजिनिअर लेदेस्मा आले आणि म्हणाले, या लोकांना गवताची किंमतच कळलेली नाही.

ते बायकांना गवतापासून कागद करायला शिकवणार होते. जी उत्तम शिकेल, तिला सरकार शिक्षिका नेमणार होतं. बासिलियाला ते काम हवंच होतं. तिची लेक निकासिया शहरात लोकांची धुणी धुवायला निघाली होती. आईला काम मिळालं, तर ती थांबणार होती.

साहेबांनी फळ्यावर लिहिलं: गवत राखेच्या पाण्यात एक तास उकळावे.

बासिलिया म्हणाली, "साहेब, इतक्या उंचावर पाणी उकळतं लवकर, पण त्याला धग नसते. वाळका मका शिजायला आम्हाला अर्धा दिवस लागतो."

"मावशी, हे शास्त्र आहे. मका नाही."

तासाभराने माझी भावंडं उपसली गेली. कुटून कुटून बायकांचे हात भरून आले, आणि जाळीवर जे निघालं ते पाखराच्या घरट्यासारखं होतं. साहेबांनी त्याला 'नैसर्गिक पोत' असं नाव दिलं. गावातल्या कोंबड्यांना तो पोत फार आवडला.

दुसऱ्या दिवशी बासिलिया वर्गाला गेलीच नाही. तिने मला आपल्या अंगणातल्या हंड्यात टाकलं आणि लामाच्या लेंड्यांच्या जाळावर ऊन कलेपर्यंत रटरटू दिलं. राठपणाचा माझा ताठा दुपारीच उतरला. मग तिने मला धुतलं, दगडी वरवंट्याखाली घालून लगदा केला, पाण्यात ढवळून जाळीच्या चौकटीवर उचललं आणि घोंगडीवर पालथं घातलं. दुसऱ्या दिवशीच्या उन्हात वाळून उठलो तो कागद.

बासिलियाने मला वर्गात नेलं, तेव्हा साहेबांनी मला उजेडासमोर बराच वेळ धरलं. मग मला हातात घेऊन स्वतःचा फोटो काढून घेतला. शेवटच्या दिवशी सगळ्या बायकांना शहरातल्या गुळगुळीत कागदावर छापलेली प्रमाणपत्रं मिळाली. बासिलियाला नाही, म्हणजे नेमणूकही नाही. ती एक दिवस गैरहजर होती. नियम तो नियम.

नंतर साहेब एकटेच तिच्या अंगणात आले. त्यांना पुस्तिका लिहायची होती. "मावशी, नक्की किती वेळ उकळलंत?"

"फळ्यावर होतं तेवढाच वेळ, साहेब," ती म्हणाली. "शास्त्र आहे ना."

साहेबांनी ते लिहून घेतलं.

पुढच्या महिन्यात राजधानीचे अधिकारी प्रयोग बघायला आले. साहेबांनी घड्याळ लावून तासभर उकळलं, कुटलं, चौकट उचलली. पुन्हा घरटं. अधिकाऱ्यांमधल्या एका वयस्कर बाईंनी त्यात बोट घालून शांतपणे विचारलं, की हे अंडी ठेवायला आहे का. गावकरी हसले नाहीत. त्यांनी फक्त टोप्या डोळ्यांवर ओढल्या. गावप्रमुख तेओदोसिओने मला पुढे केलं आणि कोणी केलं तेही सांगितलं.

बाईंनी बासिलियाला किती वेळ उकळायचं ते विचारलं.

"अख्खा दिवस लागतो," ती म्हणाली. "पण माझं काय घेऊन बसलात? मी त्या दिवशी गैरहजर होते."

नेमणूक तिथल्या तिथे झाली, आणि ती माझ्यावरच लिहिली गेली. वर शिक्षिका म्हणून बासिलियाचं नाव, खाली विद्यार्थ्यांची यादी. बाईंच्या सांगण्यावरून त्या यादीत पहिली सही लेदेस्मांनी केली. कागद करता आल्याशिवाय पुस्तिका लिहायची नाही, असं ठरलं.

आता मी कार्यशाळेच्या भिंतीवर खिळ्याला आहे. धुराने पिवळा पडलोय. निकासिया शहरात गेली नाही. ती साहेबांना विळा धरायला शिकवते. त्यांची तीन बोटं कापून झाली आहेत, आणि ती तोंड फिरवून हसते.

एक विनंती आहे. माझ्यावर कधी काही लिहायचं झालं, तर पेन्सिलीने लिहा. शाई माझ्यात फुटते. साहेबांची सही तेवढी पसरून ओळखू येईनाशी झाली आहे. तो दोष माझा. त्यात दुसरं काही वाचू नका.